‘शिळे’ या शब्दाची मर्यादा : गोठविलेल्या अन्नाच्या सुरक्षित अवधीविषयी

१२ ऑक्टोबर २०२० रोजी सकाळी दहाच्या सुमारास मुंबई व तिची उपनगरे यांचा वीजपुरवठा एकाएकी खंडित झाला. काही भागांत तो दोन-तीन तासांत सुरळीत झाला. काही उपनगरांत मात्र पुष्कळच वेळ लागला. प्रस्तुत लेखक कांजूरमार्ग येथे ज्या इमारतीत राहतो, तेथे त्या दिवशी घरोघर एकच प्रश्न विचारला जात होता : फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात गोठवून ठेवलेल्या ज्या डब्यांचा बर्फ सुटला आहे, ते ठेवावेत की टाकावेत? उत्तरेही एकाच वळणाची मिळत होती. “वास घेऊन पाहा”, “आंबले नसेल तर खायला हरकत नाही”, “एकदा चांगली उकळी काढा, म्हणजे झाले”.

हा प्रश्न मूलतः अन्नशास्त्राचा आहे व त्याचे उत्तरही त्या शास्त्राकडूनच घ्यावयास हवे. परंतु आपण ते उत्तर ज्या शब्दांत शोधतो, ते शब्द भाषेच्या अभ्यासकाचा विषय होत. या ठिकाणी ते शब्द आपली दिशाभूल करतात, हे दाखविणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बिघडलेल्या अन्नाविषयी मराठीची शब्दसंपत्ती विपुल आहे. दूध नासते, भात आंबतो, भाजी विटते, आमटी उतरते, वरणाला तार सुटते, भाकरी बुरसटते, शेंगदाणे खवट होतात, पीठ कुबट लागते. प्रत्येक पदार्थाच्या बिघाडाला निराळे क्रियापद किंवा विशेषण आहे व ते बहुधा अचूक आहे. मात्र या सर्वांत एक समान धर्म दिसून येतो. हे सारे शब्द नाक, जीभ व डोळा यांच्या साक्षीवर उभे आहेत. ज्या बिघाडाला वास नाही, चव नाही व रंग नाही, त्याला या यादीत नाव नाही.

यास अपवाद वाटावा असा एकच शब्द, तो म्हणजे ‘शिळे’. शिळे अन्न बिघडलेले असतेच असे नाही. त्यावरून काही वेळ गेला आहे, एवढेच तो शब्द सांगतो. पण त्याची व्युत्पत्ती पाहिली असता निराळीच गोष्ट ध्यानात येते. संस्कृत ‘शीतल’, प्राकृत ‘सीअल’ व त्यापासून मराठी ‘शिळा’ असा हा क्रम आहे. गुजरातीतील ‘शीळुं’ या सजातीय शब्दात गारव्याचा मूळ अर्थ अद्याप शाबूत आहे. मराठीत मात्र ‘गार झालेले’ याचाच अर्थ ‘जुने झालेले’ असा झाला. हे अर्थांतर स्वाभाविकच म्हणावे लागेल. ज्या स्वयंपाकघरात थंडावा निर्माण करण्याचे साधन नव्हते, तेथे अन्नाची ऊब हेच घड्याळ होते. ऊब गेली की काळ सुरू झाला.

संस्कृतात याहून स्पष्ट कालवाचक शब्द आढळतात. ‘पर्युषित’ म्हणजे रात्रभर राहिलेले. ‘यातयाम’ म्हणजे ज्यावरून एक याम, अर्थात तीन तासांचा प्रहर, उलटला आहे असे. भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात तामस आहाराच्या लक्षणांत हे दोन्ही शब्द आले आहेत, आणि दुर्गंधवाचक ‘पूति’ हा शब्द त्यांच्या जोडीला स्वतंत्रपणे आला आहे. काळ व दुर्गंध या दोन भिन्न कसोट्या होत, ही जाणीव तेथे दिसते. आपल्या नित्य व्यवहारात ही जाणीव पुसट झाली आहे.

आता शास्त्र काय सांगते ते पाहू. उणे १८ अंश सेल्सिअस तापमानात जंतूंची वाढ थांबते. पण बहुतेक जंतू मरत नाहीत. बर्फ सुटला की ते पुन्हा वाढू लागतात. म्हणजे गोठविल्याने अन्नाचे घड्याळ थांबते, मागे फिरत नाही. फ्रीजच्या खालच्या भागात, ४ ते ५ अंशांत, ते मंद गतीने चालतच असते. १९२६ साली प्रथम वर्णिलेला लिस्टेरिया हा जंतू तर या तापमानातही वाढतो, आणि अन्नाच्या वासात वा चवीत फरक पडेलच असे नाही. २०१८ साली युरोपातील पाच देशांत गोठविलेल्या मक्याच्या दाण्यांशी संबंध जोडला गेलेल्या एका साथीत ४७ रुग्ण व ९ मृत्यू नोंदले गेले. गर्भवती स्त्रिया, वृद्ध व क्षीण प्रकृतीची माणसे यांना या जंतूपासून विशेष धोका असतो.

उकळी काढण्याच्या उपायालाही मर्यादा आहे. शिजलेला भात बाहेर राहिल्यास त्यात बॅसिलस सिरियस हा जंतू वाढून जे वांतिकारक विष तयार करतो, ते उष्णतेने नष्ट होत नाही. आदल्या रात्री ओट्यावर राहिलेल्या भाताला सकाळी कितीही खमंग फोडणी दिली तरी हा दोष जात नाही. शिळ्या कढीला ऊत आणणे हा वाक्प्रचार आपण निरर्थक खटपटीसाठी वापरतो. येथे तो अक्षरशः खरा ठरतो.

मग अवधी किती धरावा? फ्रीजमध्येच ठेवून बर्फ सोडविलेले शिजविलेले अन्न तीन ते चार दिवसांत संपवावे, असे अमेरिकेच्या कृषी खात्याचे मार्गदर्शन आहे. ब्रिटनच्या अन्न-प्राधिकरणाचे मार्गदर्शन अवघ्या २४ तासांचे आहे. हा फरक पाहून गोंधळण्याचे कारण नाही. धोका एखाद्या विशिष्ट क्षणी उद्भवत नसून क्रमाक्रमाने वाढतो, व कोणती संस्था किती सावधगिरी बाळगते यावर सीमारेषा ठरते. ज्या घरी गर्भवती वा वृद्ध व्यक्ती आहे, तेथे लहान अवधी धरणेच इष्ट. गोठविण्यापूर्वी अन्न दोन दिवस फ्रीजमध्ये राहिले असेल, तर ते दोन दिवसही हिशेबात धरावेत. गरम पेटीत वा गार पाण्यात झटपट बर्फ सोडविलेले अन्न लगेच गरम करून खावे. बाहेर दोन तासांहून अधिक, आणि हवेचे तापमान ३२ अंशांवर असता एका तासाहून अधिक राहिलेले अन्न टाकून द्यावे. मुंबईच्या ऑक्टोबरात ही दुसरी मर्यादाच बहुधा लागू पडते. वीज गेली असता दार बंद ठेवल्यास फ्रीजची थंडी सुमारे चार तास टिकते. स्वतंत्र व भरगच्च फ्रीझरची सुमारे दोन दिवस.

येथे आणखी एक भाषिक अडचण आहे. थंड कपाट व गोठविण्याची क्रिया यांसाठी इंग्रजीत दोन भिन्न शब्द आहेत, व त्यांचे अंत्य ध्वनीही भिन्न आहेत. मराठी लेखनात ते दोन्ही पुष्कळदा ‘फ्रीज’ असेच उतरतात. ‘ज’ या एकाच अक्षराला तालव्य व दंततालव्य असे दोन उच्चार असल्यामुळे हा संकर सहज घडला. परिणामी ‘फ्रीजमध्ये ठेवले आहे’ या वाक्यावरून घड्याळ थांबले आहे की मंद चालू आहे, हे कळत नाही. गोदरेज कंपनीने १९५८ साली फ्रीज बनविण्यास आरंभ केला. तिचे विक्रोळीचे कारखाने कांजूरमार्गाच्या शेजारीच आहेत. म्हणजे ही वस्तू आपल्या परिसराला नवी नाही. तिच्या दोन कप्प्यांतील भेद मात्र आपल्या बोलण्यात अद्याप पुरता रुजलेला नाही.

यावर नवा पारिभाषिक शब्द घडविणे हा उपाय मला वाटत नाही. भाषेने दिलेल्या कसोट्या त्याज्यही नाहीत. आंबलेले अन्न टाकावे हे खरेच. पण न आंबलेले अन्न निर्धोक असते, हा त्याचा व्यत्यास खरा नाही. त्या दिवशी आमच्या इमारतीत नेमकी ही तर्काची चूक घडत होती. डब्यावर दोन तारखा लिहाव्यात : केव्हा शिजविले व केव्हा बर्फातून काढले. ज्या गोष्टीची साक्ष नाक देऊ शकत नाही, तिची साक्ष लेखणीने द्यावी, हेच श्रेयस्कर.