एफएनच्या बटणामागचा ड्रायव्हर

जुन्या थिंकपॅडवर एफएन धरून होम दाबले की पडद्याचा उजेड एक पायरी वाढतो. साधे अक्षर दाबले तर कीबोर्ड कंट्रोलर त्याचा क्रमांक थेट लिनक्सच्या कीबोर्ड ड्रायव्हरला कळवतो. अशा खास बटणाचे, म्हणजे हॉटकीचे, तसे नाही. तिची दखल आधी एम्बेडेड कंट्रोलर ही चिप घेते, नंतर फर्मवेअर घेते, आणि कर्नलपर्यंत पोचतो तो ‘काहीतरी घडले’ एवढाच निरोप. नेमके काय घडले ते विचारून घेणे आणि डेस्कटॉपला समजेल अशा रूपात पुढे देणे, हे थिंकपॅड-एसीपीआय या ड्रायव्हरचे काम.

बोरिस्लाव देयानोव यांनी तो आयबीएम-एसीपीआय या नावाने लिहिला. आयबीएमने २००५ मध्ये पीसीचा व्यवसाय लेनोव्होला विकला आणि २००७ मध्ये ड्रायव्हरला आजचे नाव मिळाले. बरीच वर्षे त्याची देखभाल एन्रिके दे मोराइस होल्शूह यांनी केली. अकरा हजारांहून जास्त ओळींच्या त्या एकाच फाइलमध्ये पंखा, दिवे, बॅटरी असे सगळेच आहे; तरी वाचताना थांबावेसे वाटते ते हॉटकीच्या भागाशी.

फर्मवेअरच्या एसीपीआय तक्त्यात ‘एचकेईवाय’ नावाचे एक उपकरण असते. बटण दाबले की एम्बेडेड कंट्रोलर इंटरप्ट देतो, फर्मवेअर घटनेचा क्रमांक रांगेत ठेवते आणि एचकेईवायच्या नावे सूचना पाठवते. सूचना कुठल्याही बटणाची असो, तिचा आकडा हेक्स ८० हाच. म्हणून ड्रायव्हर ‘एमएचकेपी’ ही मेथड बोलावून रांगेतला क्रमांक काढून घेतो, आणि शून्य येईपर्यंत ती पुन्हा पुन्हा बोलावतो. एका सूचनेमागे अनेक घटना साचलेल्या असू शकतात. हेक्स १०१० म्हणजे उजेड वाढवा, १०११ म्हणजे कमी करा. पहिला अंक घटनेची जात सांगतो: १ म्हणजे हॉटकी, ५ मध्ये झाकण उघडणे-मिटणे, ६ मध्ये बॅटरी तापल्याचे इशारे. कोणत्या हॉटकी कळवायच्या, हे ३२ बिटांच्या मास्कने ठरते. ड्रायव्हर काढला तर तो मास्क जसा होता तसा परत ठेवला जातो.

पुढचा टप्पा कर्नलच्या इनपुट यंत्रणेचा. क्रमांकाला कीकोड जोडला जातो. एफएन-एफ४ ला झोपेचा. फर्मवेअर बटण दाबल्याचे सांगते, सोडल्याचे सांगत नाही. त्यामुळे ड्रायव्हर ‘दाबले’ आणि ‘सोडले’ अशा दोन्ही घटना स्वतःच लागोपाठ पाठवतो. लॅपटॉपला झोपवायचे की नाही, हा निर्णय डेस्कटॉपचा. ड्रायव्हर त्यात पडत नाही, आणि ते योग्यच आहे.

खरी अडचण आहे ती दुहेरी कारभाराची. आयबीएमच्या जुन्या मॉडेलांत फर्मवेअर उजेड स्वतःच बदलून मोकळे होते. त्यावर ड्रायव्हरनेही कीकोड पाठवला तर एका दाबण्यात उजेड दोन पायऱ्या सरकेल. आवाजाची गोष्ट आणखी नाजूक: ती बटणे साउंड कार्डाचा नव्हे, तर लॅपटॉपमधल्या वेगळ्या, जादा मिक्सरचा आवाज बदलतात. म्हणून या बटणांना मुळात कीकोडच दिलेला नाही. काय करू नये याची एवढी जाण फार थोड्या ड्रायव्हरांत दिसते.

काही जुन्या मॉडेलांत फर्मवेअर ठरावीक बटणांची सूचनाच देत नाही. फक्त एनव्हीरॅम या छोट्या स्मृतीत खूण ठेवते. तिथे एक कर्नल थ्रेड सेकंदाला सहसा दहा वेळा ती स्मृती वाचतो आणि आधीच्या वाचनाशी ताडून पाहतो. आवाजाची पातळी तीन पायऱ्यांनी वाढलेली दिसली तर तीन घटना पाठवल्या जातात. काही बटणांसाठी मात्र दर दाबण्याला उलटणारा एकच बिट असतो. दोन वाचनांच्या मध्ये बटण दोनदा दाबले गेले तर बिट मूळ जागी येतो आणि दोन्ही दाबणी हरवतात. जास्त वेळा वाचावे तर प्रोसेसर वारंवार जागा होतो आणि बॅटरी खर्ची पडते. निदान कोणी ऐकणारे नसताना तरी हा खर्च होऊ नये, म्हणून इनपुट उपकरण एखाद्या प्रोग्रामने उघडल्यावरच या बटणांसाठीचे वाचन सुरू होते.

ड्रायव्हरने सगळे नीट केले तरी वाट पुढे अडू शकते. मायक्रोफोन बंद करण्याचा कीकोड २४८. डेस्कटॉपमागची एक्स११ ही यंत्रणा प्रत्येक कीकोडमध्ये ८ मिळवते आणि २५५ च्या पुढचे आकडे तिला चालत नाहीत. बेरीज होते २५६. एका आकड्याने हुकलेले हे बटण चालावे म्हणून यूडेव्ह या उपकरणे सांभाळणाऱ्या प्रोग्रामच्या पातळीवर त्याला एफ२० चा कीकोड दिला जातो, आणि डेस्कटॉप एफ२० चा अर्थ ‘मायक्रोफोन बंद’ असा लावतो.