उन्हाच्या मुलखात डी-थ्रीची पुडी

नांदेड-लातूरच्या माणसाला ऊन कमी पडतंय, असं १९९०च्या दशकात कोणी म्हणालं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं. मेमध्ये पारा चाळिशीपार नेणारा हा मुलूख. पण २००० साली दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी धडधाकट दिल्लीकरांच्या रक्तातही ड जीवनसत्त्व तळाला गेल्याचं दाखवलं. पुढे पुण्यासह ठिकठिकाणी तेच निघालं. ऊन नुसतं बाहेर असून भागत नाही, ते अंगावर पडावं लागतं. सावळ्या कातडीतलं मेलॅनिन अतिनील किरणं अडवतं, म्हणून तिला उन्हात जास्त वेळ लागतो. त्यात बायकांच्या डोक्यावरून पदर, आणि परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’ची पोरं दिवसभर क्लासच्या ट्यूबलाइटखाली.

मग आली डी-थ्रीची, म्हणजे ड जीवनसत्त्वाची, साठ हजार युनिटची पुडी. आठवड्यातून एकदा, दुधात कालवून. गुडघे दुखोत, केस गळोत की थकवा येवो, उतारा एकच.

२०१४ मध्ये प्रकरण मेंदूपर्यंत पोचलं. अमेरिकेतल्या १,६५८ ज्येष्ठांच्या पाहणीत, ज्यांचं ड फारच कमी होतं त्यांना स्मृतिभ्रंशाचा धोका सव्वादोन पट आढळला. तिथल्या कृष्णवर्णीयांमध्ये ड कमी आणि स्मृतिभ्रंश गोऱ्यांच्या जवळपास दुप्पट, हे आधीच माहीत होतं. दोन टोकं जुळवण्याचा मोह कुणालाही व्हावा. पण खंगलेला माणूस मुळात घराबाहेरच कमी पडतो; ड कमी झालं म्हणून मेंदू बिघडला की बिघाडाच्या सुरुवातीनेच माणूस घरात बसला, हे अशा पाहणीतून कळत नाही.

कळायला औषध देऊन बघावं लागतं. ‘व्हायटल’ चाचणीत सुमारे २६,००० अमेरिकनांपैकी निम्म्यांना रोज २,००० युनिट ड दिलं गेलं. त्यातल्या काही ज्येष्ठांच्या बुद्धीच्या तपासण्यांचा निकाल २०२१ मध्ये आला: एकंदरीत फरक नाही, कृष्णवर्णीयांमध्ये तेवढा किंचित फायदा. २०२४ मध्ये लॅन्सेट आयोगाने स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी १४ कारणं मांडली. त्यात ड नाही. कमी शिक्षण आहे.

मराठवाड्यासाठी खरी मेख इथे आहे. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडे होता आणि शाळांच्या बाबतीत मागे राहिला. आज ऐंशीकडे झुकलेल्या खेड्यातल्या कितीतरी आज्यांनी शाळेचा उंबरा पाहिलाच नाही. २०२३ मध्ये आलेल्या देशव्यापी अंदाजानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के, म्हणजे ८८ लाख भारतीयांना स्मृतिभ्रंश आहे. पुरुषांपेक्षा बायकांत आणि शहरापेक्षा खेड्यात जास्त.

अशा निरक्षर आजीच्या स्मृतीची परीक्षा घ्यायची कशी? हरियाणातल्या बल्लभगडला १९९०च्या दशकात त्यासाठी वेगळी प्रश्नावली बेतली गेली. नेहमीच्या चाचणीतल्यासारखं शंभरातून सात-सात वजा करण्याऐवजी विसातून तीन-तीन. वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल काहीतरी सांगायचं. आठवड्याचे वार उलटे म्हणायचे. आणि तिथल्या गावांत तपासलेल्या, बहुतांश निरक्षर असलेल्या ५,१२६ जणांत अल्झायमरचं प्रमाण जगातल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक निघालं! म्हणजे शिक्षणाचा हिशेबही सरळ नाही. एक शक्यता अशी की आजार जडलेली माणसं फार दिवस जगत नसावीत. दुसरी घरातली: एकत्र कुटुंबात आजीकडे ना पैशांचा व्यवहार, ना बाजारहाट. ती काय विसरते, हे विचारतंच कोण? म्हातारचळ म्हणून सोडून दिलं जातं.