तार की बिनतारी?

पालघर जिल्ह्यातील जव्हार आणि मोखाडा हे तालुके सह्याद्रीच्या डोंगराळ भागात वसले आहेत. येथे पाऊस मुसळधार पडतो, आणि दऱ्याखोऱ्यांत विखुरलेले पाडे एकमेकांपासून दूर असतात. अशा प्रदेशात संदेश वेळेवर पोहोचविणे हे सोपे काम नव्हे. घरातील अथवा शाळेतील संगणक प्रिंटरला जोडताना हाच प्रश्न लहान रूपात पुढे येतो : ही यंत्रे तारेने जोडावीत की बिनतारी पद्धतीने?

तारेची जोडणी साधी असते. संगणकाचा संदेश विद्युत्‌रूपाने केबलमधून थेट प्रिंटरकडे जातो. भिंतींचा त्याला अडथळा होत नाही, व तो सहसा परक्याच्या हाती लागत नाही. मात्र तारेची धाव मर्यादित असते. प्रिंटरची नेहमीची यूएसबी केबल सुमारे ५ मीटरपर्यंत, तर संगणकांना एकमेकांशी जोडणारी तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपर्यंत नीट काम देते.

बिनतारी जोडणीत, म्हणजे वायफायमध्ये, राउटर नावाचे यंत्र रेडिओलहरींच्या द्वारे संदेशांची ने-आण करते. त्यामुळे एकच प्रिंटर अनेक संगणकांना व मोबाइल फोनांना उपयोगी पडतो. कारवीच्या कुडाची भिंत या लहरी सहज ओलांडतात. जाड दगडी भिंतीत त्या क्षीण होतात, आणि लोखंडी पत्रा तर त्यांना परत फिरवितो. शिवाय त्या घराबाहेरही पसरतात. म्हणून वायफायला पासवर्ड असलाच पाहिजे.

गावांपर्यंत इंटरनेट नेतानाही हीच निवड करावी लागते. ग्रामपंचायतींना ऑप्टिकल फायबरने जोडण्याची योजना केंद्र सरकारने २०११ साली मंजूर केली. तीच पुढे भारतनेट या नावाने ओळखली जाऊ लागली. केसासारख्या बारीक काचतंतूतून प्रकाशाच्या रूपाने विपुल माहिती वाहून नेता येते. परंतु प्रत्येक पाड्यापर्यंत तो तंतू नेणे कष्टाचे व खर्चाचे असते. पालघर जिल्ह्यातीलच खामलोली व आसपासच्या गावांत मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेने दूरचित्रवाणीसाठी राखलेल्या, पण वापरात नसलेल्या लहरींवरून इंटरनेट पोहोचविण्याचा प्रयोग केला. या लहरी वायफायच्या लहरींपेक्षा लांब असल्यामुळे झाडीतूनही दूरवर जातात.

इंटरनेट असे दुरून येते. संगणक व प्रिंटर यांची जोडणी मात्र घरातल्या घरात असते. या दोन गोष्टी निराळ्या आहेत. समजा, पावसात इंटरनेट बंद पडले आणि विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीचा अर्ज दुसऱ्याच दिवशी द्यावयाचा आहे. अर्ज संगणकात आधीच साठविलेला असेल आणि वीज असेल, तर तारेने जोडलेल्या प्रिंटरवर तो छापता येतो, आणि त्याची संधी हुकत नाही.

म्हणून यंत्रे एकाच टेबलावर राहणार असतील, तर तार बरी. वापरणारे अनेक आणि जागा बदलती असेल, तर बिनतारी सोयीची. बिनतारी प्रिंटरजवळही एक केबल जपून ठेवावी. साधन जुने की नवे, यापेक्षा ते त्या जागी वेळेला उपयोगी पडते की नाही, हे पाहणे हाच खरा शहाणपणा होय.