मातेने कोरविलेली कीर्ती

आज वर्षप्रतिपदा. सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीमध्ये चादरी-टॉवेलांच्या मागांशेजारी टांगलेली दिनदर्शिका पाहिली, की आम्हांस दोन प्राचीन राजकुलांचे स्मरण होते. 'शालिवाहन शके' या शब्दांत आपल्या सातवाहनांची आठवण आहे, तर 'ऑगस्ट' या महिन्यात रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याची. इसवी सनाच्या पहिल्या शतकात जवळच्याच तेरचे, म्हणजे प्राचीन तगराचे, कापड भरुच बंदरामार्गे परदेशी जात असे.

ऑगस्टसने इ. स. पू. 27 ते इ. स. 14 राज्य केले, यादवी शमविली, शांतता नांदविली. परंतु आपल्या कृत्यांची प्रशस्ती त्याने स्वतःच लिहून ठेविली. ती त्याच्या समाधीपुढे धातूच्या स्तंभांवर कोरली गेली.

पुढे दख्खनेत गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचे राज्य उखडले आणि नहपानाच्या नाण्यांवर आपला ठसा उमटविला. त्याची प्रशस्ती मात्र त्याच्या पश्चात नाशिकच्या लेण्यात माता गौतमी बलश्रीने कोरविली. विजयांबरोबरच ती सांगते, की पुत्र धर्माने कर घेई, अपराधी शत्रूचाही प्राण घेण्यास धजत नसे, प्रजेच्या सुखदुःखात सहभागी होई आणि मातेची सेवा करी. ते लेणे तिने बौद्ध भिक्षूंस अर्पण केले.

वाचकहो, आपली थोरवी आपणच सांगणे सोपे असते. घरच्या मातेने ती आपल्या पश्चात सांगावी, असे वर्तन घडो, हाच आजच्या गुढीपुढचा संकल्प असावा.