प्रायमरवर थांबलेली पद्मिनी

संपादकांना रॅली हवी होती. पितळी दिव्यांच्या गाड्या, टोपी घातलेले मालक, जमल्यास एखाद्या संस्थानिकाची रोल्स रॉइस. "जुन्या गाड्यांच्या वेडावर लिही," एवढंच ते म्हणाले आणि मी मान डोलावली. पण ठाण्याच्या नौपाड्यात माझ्या नेहमीच्या वाटेवर, घंटाळीकडून विष्णुनगरला निघताना एका जुन्या दुमजली इमारतीच्या आवारात ताडपत्रीखाली एक गाडी उभी असते. दोन वर्षांत तिची ताडपत्री बदलली, जागा बदलली नाही. रॅलीतल्या गाड्यांना ड्रायव्हर असतात, शेड असते, वेगळा खर्च असतो. या गाडीला नोकरी करणारा एक मालक होता. मी रॅली सोडून दिली आणि रविवारी सकाळी त्या आवारात जाऊन उभा राहिलो.

ताडपत्री निघाली तेव्हा खाली प्रीमियर पद्मिनी होती, पण तिला रंग नव्हता. अर्धं अंग करड्या प्रायमरचं, अर्धं घासलेलं, डाव्या मडगार्डवर पत्र्याची चकाकी. मालक सहकारी बँकेत नोकरीला, वय बावन्न. "वडिलांनी निवृत्तीच्या पैशांतून घेतली," ते म्हणाले. "१९९१चा जून. रंग आकाशी."

पद्मिनीची कुंडली ठाणेकराला फार सांगावी लागत नाही. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कारखाना कुर्ल्याला. आधी क्रायस्लरच्या डॉज, प्लिमथ, मग इटलीच्या फियाटशी करार. १९६४ला आलेली फियाट ११०० डिलाइट पुढे प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ला पद्मिनी. १०८९ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर. गाडीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचे दिवस होते ते. १९८३च्या डिसेंबरात मारुती ८०० आली आणि रांग तिकडे वळली. प्रीमियरचा दुसरा कारखाना आपल्या कल्याण-शीळ रस्त्यावर होता; तिथे नव्वदच्या दशकात प्यूजो ३०९ बनली. कारखाना गेला, पण डोंबिवलीत सभा भरते ते मैदान अजून 'प्रीमियर ग्राउंड'च आहे.

इतिहास इथे संपतो आणि पत्रा सुरू होतो.

मालकांनी खिशातून एक छोटं लोहचुंबक काढलं, सुती फडक्यात गुंडाळलेलं. पुढच्या दारावर लावलं, टक्कन चिकटलं. दाराखालच्या पट्टीवर लावलं, घसरून खाली पडलं. "इथे लोखंडच नाही. नुसती पुट्टी." पुट्टी म्हणजे पॉलिस्टर रेझिन आणि शंखजिऱ्याची भुकटी. पोचा आलेला पत्रा ठोकून सरळ करण्यापेक्षा त्यावर पुट्टी भरणं स्वस्त पडतं, म्हणून वर्षानुवर्षं थर चढत जातात. ती पाणी धरते. वर रंग चकाकत असतो, आत पत्रा सडत असतो. रंगाला एखादा फोड दिसला की तो बाहेरून आलेला नसतो. गंज आतून निघून शेवटी रंगापर्यंत पोचलेला असतो. काचेच्या रबरातून दारात उतरलेलं पाणी बाहेर जावं म्हणून दाराच्या तळाला भोकं असतात. ती धुळीने बुजली की दार म्हणजे टाकी होते. ठाण्याच्या चार महिन्यांच्या पावसात अशा चार टाक्या घेऊन ही गाडी तीस-पस्तीस वर्षं उभी आहे.

मला धरून ठेवलं ते मात्र मडगार्डावरच्या वर्तुळांनी. रंग घासताना मध्ये पत्रा उघडा पडतो आणि भोवती थरांच्या कडा उतरत्या दिसतात, कांद्याच्या चकतीसारख्या. सगळ्यात आत तांबूस प्रायमर, त्यावर कारखान्यातला आकाशी, मग पिवळट पुट्टी, मग दुसरा आकाशी, छटेने गडद. "हा दुसरा २००६चा," मालक म्हणाले. "पंधरा वर्षं झाली म्हणून फेरनोंदणी होती. वडिलांनी घाईत मारून घेतला." त्यांच्या घरातली टंचाई आणि सवड, दोन्ही त्या चकतीत वाचता येत होती.

रंगाचं काम बघायला ते मला वागळे इस्टेटमधल्या एका शेडमध्ये घेऊन गेले. तिथल्या पेंटरला सगळे उस्ताद म्हणतात. साठीचा माणूस, नखांच्या कडांत पांढरी भुकटी. त्याने बोलण्याआधी माझा हात धरून एका बोनेटवर फिरवला आणि विचारलं, "क्या लगा?" मला गुळगुळीत लागलं. त्याने पाण्याचा शिपका मारला, तिरक्या उजेडात बघायला लावलं. पत्र्यावर लाटा होत्या. डोळा फसतो, तळहात कमी फसतो, ओला पत्रा अजिबात फसवत नाही. मग लाकडी ठोकळ्याला वॉटर पेपर गुंडाळून तो घासायला लागला, नेहमी तिरका, कधीच एका रेषेत नाही. नुसत्या बोटांनी घासलं तर बोटांच्या चऱ्या पडतात. ८० नंबरपासून सुरुवात, मग १२०, २२०, ४००, शेवटी रंगानंतर १५०० आणि २०००. "कलर तो दो दिन का काम है साहब. बाकी सब घिसाई." बिल घिसाईचं होतं आणि गिऱ्हाईक घासाघीस करतं रंगावर.

आपल्याकडे गाडीच्या रंगाला जुने लोक सरसकट 'ड्यूको' म्हणतात. अमेरिकेतल्या ड्यूपाँ कंपनीने १९२३ साली बाजारात आणलेल्या नायट्रोसेल्युलोज रंगाचं ते नाव. त्याआधी मोटारीचं वार्निश वाळायला आठवडे लागत; हा काही तासांत वाळू लागला. ड्यूकोची एक खोड उस्तादने सांगितली, ती मुंबई-ठाण्याला खास लागू आहे. दमट हवेत मारला तर रंग पांढुरका पडतो. थिनर भरभर उडतं, त्याने पत्रा गार होतो, हवेतला ओलावा त्यावर बसतो आणि रंगात अडकतो. म्हणून पावसाळ्यात जुने पेंटर सावकाश उडणारं थिनर घालत किंवा सरळ काम बंद ठेवत. आता पीयू आला आहे, पॉलियुरेथेन. हार्डनर मिसळला की रासायनिक क्रियेने आवळून बसतो, उन्हापावसाला टिकतो, चमक आपसूक येते. पण त्याच्या हार्डनरमधली आयसोसायनेटं फुप्फुसाला घातक, त्यासाठी चांगला मास्क लागतो. उस्तादच्या गळ्यात मास्क होता, गळ्यातच.

भाव दोन होते. नुसतं वरून मारायचं तर चाळीस हजार. सडलेला पत्रा कापून, नवा जोडून, पीयूमध्ये करायचं तर सव्वा लाखाच्या पुढे, अधिक जीएसटी.

मालकांच्या घरी जमाखर्चाची एकच वही आहे. बँकेतला माणूस, त्यामुळे खाती नीट पाडलेली: आईची औषधं, मुलीचं कॉलेज, सोसायटी, किराणा. गाडीचं खातं दिसेना. "ती 'किरकोळ'मध्ये असते," वहिनी चहा ठेवत म्हणाल्या. "आमच्याकडे किरकोळ खर्चच सगळ्यात मोठा." त्या रागावलेल्या नव्हत्या. पण मागच्या मे महिन्यात सासूबाईंच्या डोळ्याचं ऑपरेशन आणि मुलीचा प्रवेश एकाच पंधरवड्यात आला, रंगासाठी बाजूला काढलेले पैसे त्यात गेले, आणि गाडी प्रायमरवर घरी परत आली, हे त्यांनीच सांगितलं.

ऐकताना मला वाटलं, काही बिघडलं नाही, पुढच्या वर्षी करतील. शेडवर तसं बोललो, तेव्हा उस्तादने मान हलवली. जुन्या गाडीचं इंजिन उतरवून दोन वर्षं पोत्यात ठेवता येतं. सीटा काढून माळ्यावर टाकता येतात. घरच्या गरजांपुढे ही सगळी कामं थांबतात आणि थांबलेली चालतात. पत्रा एकदा घासला की मात्र थांबता येत नाही. साधा प्रायमर सच्छिद्र असतो, वरचा रंग धरून ठेवण्यासाठीच तसा केलेला. त्याच्यावर पाऊस पडला की तो पाणी पितो आणि खाली पुन्हा गंज धरतो. ताडपत्री घातली तर तिच्याखाली दमट हवा कोंडते. फाटका का होईना, जुना रंग अंगावर होता तोवर पत्रा झाकलेला होता. मालकांनी हौसेने आधी घासायला घेतलं आणि मग पैसे जमवायला. क्रम उलटा हवा होता: रंगाचे सगळे पैसे हातात आल्याशिवाय पहिला वॉटर पेपर भिजवायचा नाही. हे वाक्य उस्ताद गिऱ्हाइकाला सांगत नाही. सांगितलं तर निम्मी कामं येणारच नाहीत.

आणि आता मुदत आहे. २००६नंतर दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, म्हणजे पुढची येत्या जूनमध्ये. २०२५च्या ऑगस्टपासून वीस वर्षांवरच्या मोटारीचं नूतनीकरण शुल्क १०,००० रुपये झालं आहे, पर्यावरण कर वेगळा. तपासणीला गाडी प्रत्यक्ष उभी करावी लागते आणि आरसी बुकात रंग लिहिलेला असतो: आकाशी. करडी गाडी नेऊन चालणार नाही. मालकांना मनातून मलई रंग हवा होता, तर त्याची नोंद बदलण्याचा खटाटोप आला. तोही बेत बारगळला.

केंद्राने २०२१च्या जुलैत विंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी सुरू केली, नंबरात 'व्हीए' अक्षरं आणि फार फेरबदल न केलेली गाडी. पण वय पन्नासच्या वर हवं. ही गाडी तिथे पोचेल २०४१ साली. तोवर ती रस्त्याच्या कायद्याला फार जुनी आणि मानाच्या यादीला फार नवी. म्हातारी झाली, पण ज्येष्ठ नागरिकाची सवलत नाही.

बाकीची काळजी यादीने येते. मुंबईतली शेवटची काळी-पिवळी पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ला नोंदली गेली आणि वीस वर्षांच्या नियमाने २०२३च्या ऑक्टोबरअखेर रस्त्यावरून उतरली. टॅक्सी होत्या तोवर बुश, क्लच प्लेट, काचेची रबरं यांना रोजचं गिऱ्हाईक होतं. आता मालक कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या मालात हुडकतात. गाडी जिथे जन्मली त्या गावातच तिचे अवयव विकायला बसलेले असतात. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आलं आहे, ते जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदा खातं, म्हणून त्या बदलायच्या. आणि इमारत पुनर्विकासाला चालली आहे. नोटीस लागली आहे. तीन वर्षं भाड्याच्या घरात काढायची, आणि नौपाड्यात भाड्याचं घर मिळतं, पण गाडीची जागा मिळत नाही. नव्या इमारतीत यांत्रिक पार्किंग येईल. तिच्या पाळण्यात पद्मिनी मावेल, चार मीटरच्या आतली आहे. प्रश्न तोवरचा आहे.

एप्रिलच्या शेवटी मी पुन्हा वागळे इस्टेटला गेलो. मधला मार्ग निघाला होता. खालच्या पट्ट्या आणि मागच्या मडगार्डांचा तळ कापून नवा पत्रा, बाहेरून साधा आकाशी पीयू, बोनेटखाली आणि डिकीत हात लावायचा नाही. छटा जुळवायला उस्तादने दाराच्या बिजागरीजवळची जागा निवडली, जिथे २००६चा फवारा पोचला नव्हता आणि ऊनही नाही. वजनकाट्यावर डबा ठेवून तो थेंबाथेंबाने निळा घालत होता, पत्र्याच्या तुकड्यावर मारून बिजागरीशी धरत होता. चौथ्या तुकड्याला थांबला.

"दारांच्या आतल्या पट्ट्या पण करून टाकू? आठ हजार ज्यादा."

मालकांनी थोडा वेळ विचार केला. त्या आठवड्यात मुलीच्या परीक्षांचे अर्ज भरायचे होते, हे मला वहीवरून ठाऊक होतं.

"नको. राहू दे."

"दरवाजा खोलला की दिसेल साहेब. अंदर पुराना, बाहेर नया."

"दिसू दे," मालक म्हणाले, आणि उस्तादने बिजागरीवर कागदी टेप चिकटवायला घेतली. टेपच्या आत राहिला तो १९९१चा, कुर्ल्याचा रंग.