रेंडर होतंय (९) : रुमाल टाकलेल्या फ्रेम

या आठवड्यात नेटवर्कवरच्या रेंडरकडे वळायचं ठरलं होतं. ते आता पुढच्या खेपेला. गेल्या भागातला प्रयोग करून पाहिलेल्या एका वाचकांचं पत्र आलंय, आणि त्यांची तक्रार माझ्या फार आवडीच्या जागी बोट ठेवते.

त्यांनी सगळं नीट केलं. आफ्टर इफेक्ट्समधला प्रोजेक्ट सेव्ह केला, आउटपुट पीएनजी सिक्वेन्स ठेवलं, रेंडर सेटिंग्ज ‘मल्टि-मशीन’ निवडल्या, एकाच कॉम्पवर (कॉम्पोझिशनवर) चार एईरेंडर, म्हणजे आफ्टर इफेक्ट्सचे कमांडवरून चालणारे रेंडरर, सोडले आणि झोपले. सकाळी पाहतात तर दीड मिनिटाची सिक्वेन्स तयार, पण मधल्या तीन फ्रेम उघडतच नाहीत. परत रेंडरला लावलं तर क्षणात ‘संपलं’, आणि त्या तीन फ्रेम तशाच.

त्या फाइलींचा आकार बघा. शून्य बाइट असणार.

गंमत अशी, की या चार प्रोसेस एकमेकींना ओळखतही नाहीत. वर कोणी मुकादम नाही. तरीही एकच फ्रेम दोघी करत बसत नाहीत. कारण फ्रेम हातात घेताना प्रोसेस आधी त्या नावाची रिकामी फाइल फोल्डरमध्ये टाकते. ‘स्किप एक्झिस्टिंग फाइल्स’ चालू असल्याने बाकीच्या ती ओलांडून पुढची धरतात. एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकावा, तसं. चित्र तयार झालं की फाइल भरते. पण प्रोसेस मध्येच मेली तर रुमाल तसाच राहतो, आणि पुढच्या वेळी सगळ्या तो पाहून जागा सोडतात. (क्विकटाइमसारख्या एकसंध फाइलला ही सोय नाही, ती याचमुळे.)

उपाय साधा. फोल्डर आकारानुसार लावा, शून्यवाल्या फाइली काढा आणि एकच एईरेंडर पुन्हा चालवा. मात्र सगळ्या प्रोसेस बंद झाल्यावरच. चालू असताना हात घातलात तर जिवंत प्रोसेसचा रुमाल उचलाल.

पण मुळात प्रोसेस का मेली? बहुतेक वेळा रॅम. प्रत्येक एईरेंडर म्हणजे नव्याने उघडलेलं आफ्टर इफेक्ट्सच: प्रोजेक्ट, फुटेज, प्लगइन, सगळं ज्याचं त्याचं वेगळं. कोअर सोळा म्हणून प्रोसेस सोळा, हे गणित चालत नाही. एक चालवून टास्क मॅनेजरमध्ये ती कुठवर चढते ते पाहा. ३२ जीबीच्या मशीनवर एक प्रोसेस ७ जीबी खात असेल तर मी तीनवर थांबतो. रॅम संपून डिस्कवर ये-जा सुरू झाली, की चार प्रोसेस दोघींपेक्षा हळू चालतात.

शिवाय ही वाटणी सगळ्या कॉम्पला मानवत नाही. पार्टिकल असतील तर पाचशेव्या फ्रेमसाठी आधीची सगळी हालचाल मोजावी लागते, आणि ती प्रत्येक प्रोसेस स्वतंत्रपणे मोजते. एच.२६४ फुटेजचंही तसंच: मधली एक फ्रेम हवी तर मागच्या की-फ्रेमपासून उलगडत यावं लागतं. तिथे सुरुवातीची आणि शेवटची फ्रेम देऊन सलग तुकडे पाडावेत. फुटेज प्रोरेसमध्ये करून घेतलंत तर आणखी बरं.

‘आता मल्टि-फ्रेम रेंडरिंग असताना हे कशाला?’ हाही प्रश्न पत्रात आहेच. एकाच वेळी अनेक फ्रेम काढायची सोय २००७ च्या सीएस३ मध्ये आली, २०१५ मध्ये काढून टाकली गेली आणि २०२१ च्या ऑक्टोबरात, आवृत्ती २२ मध्ये, नव्या रूपात परतली. मधली सहा वर्षं अनेकांनी या एईरेंडरवरच काढली. आजही ज्या इफेक्टपुढे इशाऱ्याचं चिन्ह दिसतं, तो या नव्या पद्धतीला तयार नसतो. वेगळ्या प्रोसेसमध्ये मात्र बिनतक्रार चालतो. फक्त तेव्हा मल्टि-फ्रेम बंद ठेवा, नाहीतर प्रत्येक प्रोसेस सगळ्या कोअरवर हक्क सांगते.

आणि शेवटी एफएफएमपेगने या फ्रेम जोडून व्हिडिओ करताना फाइली मोजून घ्या. २५ फ्रेमने दीड मिनिट म्हणजे २२५०. मधला एक आकडा गायब असेल तर व्हिडिओ तिथेच संपतो.