गुरूला बारा वर्षं, शनीला तीस: असं का?

दोस्तांनो, भंडाऱ्याजवळून वाहणारी आपली वैनगंगा पुढे वर्धा नदीला भेटते आणि दोघींची मिळून होते प्राणहिता. या प्राणहितेच्या काठी, सिरोंचाला, २०१० साली पुष्कर मेळा भरला होता. त्यानंतर भरला तो थेट २०२२ साली. नाशिकचा सिंहस्थ तर तुम्हाला ठाऊकच आहे. २००३ साली झाला, मग २०१५ साली, आणि त्यानंतरचा २०२६-२७ सालचा. मध्ये बारा-बारा वर्षं! दहा का नाहीत? पंधरा का नाहीत?

याचं उत्तर आभाळात आहे. गुरू ग्रह मीन राशीत आला की प्राणहितेचा पुष्कर आणि सिंह राशीत आला की नाशिकचा सिंहस्थ, अशी जुनी रीत. गुरूला पुन्हा त्याच राशीत यायला सुमारे बारा वर्षं लागतात, कारण सूर्याभोवतीची त्याची एक फेरीच तेवढ्या वेळाची आहे. म्हणजे मेळ्याचं साल ठरवतो तो गुरू!

कुणाची फेरी किती दिवसांची?

बुध ८८ दिवसांत सूर्याला एक फेरी घालतो. शुक्राला २२५ दिवस लागतात, आपल्या पृथ्वीला सव्वातीनशे नव्हे, तर ३६५ आणि वर पाव दिवस. मंगळाला ६८७ दिवस. पुढे मात्र दिवस मोजून भागत नाही. गुरूला ११ वर्षं १० महिने, शनीला साडेएकोणतीस वर्षं, युरेनसला ८४ वर्षं आणि नेपच्यूनला तब्बल १६५ वर्षं! नेपच्यूनचा शोध १८४६ साली लागला. त्यानंतरची त्याची पहिली फेरी पुरी झाली ती २०११ साली.

दुर्बीण नसतानाही आपल्याकडच्या लोकांनी हे हिशेब केले होते. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने लिहून ठेवलं की ४३,२०,००० वर्षांत गुरूच्या ३,६४,२२४ फेऱ्या होतात. भागाकार करून पाहा. उत्तर येतं ११.८६ वर्षं. आजच्या आकड्याशी जुळणारं! किती वेळ लागतो हे कळलं होतं. का लागतो, हे कळायला मात्र आणखी हजारावर वर्षं जावी लागली.

भंडाऱ्यात सूर्य, साकोलीच्या वाटेवर नेपच्यून

पहिलं कारण सोपं आहे. जो दूर, त्याचा रस्ता लांब. किती लांब? चला, एक नकाशा मनात काढू. सूर्य आणून ठेवू भंडाऱ्याच्या बसस्थानकावर आणि पृथ्वी ठेवू त्यापासून एक किलोमीटरवर. खरं अंतर आहे सुमारे १५ कोटी किलोमीटर. या मापाने सूर्य होईल नऊ मीटर उंचीचा, म्हणजे तीन मजली घराएवढा गोळा, आणि पृथ्वी एका मोठ्या संत्र्याएवढी.

आता रायपूरच्या दिशेने महामार्गाने निघा. मंगळ दीड किलोमीटरवर भेटेल, वैनगंगेच्या अलीकडेच. कारधाचा पूल ओलांडून थोडं पुढे गेलात की ५.२ किलोमीटरवर गुरू. साडेनऊ किलोमीटरवर शनी. युरेनस १९ किलोमीटरवर, म्हणजे लाखनी जवळ आली. आणि नेपच्यून? ३० किलोमीटरवर, लाखनी मागे टाकून साकोलीच्या वाटेवर!

पण थांबा. गुरू ५.२ पट दूर आहे, तर त्याचा रस्ताही ५.२ पट लांब. मग त्याची फेरी ५.२ वर्षांत पुरी व्हायला हवी. लागतात जवळजवळ बारा! म्हणजे नुसता रस्ता लांब नाही, तर गुरूची चालही मंद आहे. बुध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर धावतो, पृथ्वी ३०, गुरू १३, शनी जेमतेम साडेनऊ-पावणेदहा आणि नेपच्यून साडेपाचच्याही आत.

खळ्यावरचे बैल आणि आभाळातले ग्रह

दूरचा हळू का चालतो? हे समजायला आधी एक उलटं उदाहरण घेऊ. आता धान चुरायला यंत्रं आली आहेत. पण तुमच्या आजोबांना विचारा, पूर्वी खळ्यावर काय करायचे. मधोमध मेढ, म्हणजे एक खांब, रोवायचे आणि त्याभोवती चार-सहा बैल एका ओळीत बांधून फिरवायचे. मेढीजवळ म्हातारा, संथ बैल आणि कडेला तरणाबांड. का बरं? कारण सगळे एकाच दोराला! फेरी सगळ्यांची एकाच वेळी पुरी होणार, म्हणून कडेच्या बैलाला सगळ्यांत जास्त पळावं लागणार.

ग्रहांचं नेमकं याच्या उलट आहे. तिथे मेढीजवळचा बुध पळतो आणि कडेचा नेपच्यून रमतगमत जातो. कारण ग्रह दोराने बांधलेले नाहीत. त्यांना धरून ठेवते ती सूर्याची ओढ, म्हणजे गुरुत्वाकर्षण. आणि ही ओढ दूर जाल तशी झपाट्याने कमी होते. अंतर दुप्पट झालं की ओढ पाव, अंतर चौपट झालं की ओढ सोळावा हिस्सा!

प्रत्येक ग्रह खरं तर सूर्याकडे सतत पडतच असतो. पण तो पडता पडता आडवाही धावत असतो, म्हणून सूर्यावर न आदळता त्याच्याभोवती वळत राहतो. जवळच्या बुधावर ओढ जबरदस्त. तो हळू चालला तर सूर्याकडे आत खेचला जाईल, म्हणून त्याला पळणं भाग आहे. शनीवर ओढ हलकी. तो पृथ्वीच्या वेगाने जरी धावू लागला, तरी सूर्याला तो आवरणार नाही. सुटेल तो कायमचा! म्हणून दूरचा ग्रह हळू चालतो. हळू चालणारेच तिथे टिकतात.

केप्लरचा हिशेब

या वेळेचा आणि अंतराचा मेळ योहान्स केप्लर या जर्मन खगोलशास्त्रज्ञाने १६१८ साली शोधला. पृथ्वीचं अंतर १ माना. ग्रहाच्या अंतराला त्याच आकड्याने दोनदा गुणा. फेरीच्या वर्षांना त्याच आकड्याने एकदा गुणा. दोन्ही उत्तरं सारखीच येतात! गुरूसाठी पाहा: ५.२ × ५.२ × ५.२ = १४०.६ आणि ११.८६ × ११.८६ = १४०.७. पुढे १६८७ साली न्यूटनने गुरुत्वाकर्षणाचा नियम मांडला आणि हे असं का होतं, तेही कळलं.

समजा, अंतर ४ वर एखादा ग्रह असता. ४ × ४ × ४ = ६४ आणि ८ × ८ = ६४. म्हणजे त्याची फेरी ८ वर्षांची. रस्ता चौपट, चाल निम्मी, वेळ आठपट!

आता तो ११.८६ चा आकडा नीट पाहा. पुरती बारा वर्षं नाहीतच! गुरूच्या सात फेऱ्यांना ८४ नव्हे, ८३ वर्षं लागतात. म्हणून कधीतरी मेळा एक वर्ष आधी येतो. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर अकराच वर्षांनी, २०२१ साली भरला. तसंच त्याआधी १९३८ साली झालं होतं. २०२१ मधून १९३८ वजा करा. बरोबर ८३!

साडेसातीची भीती कशाला?

घरात कुणी 'साडेसाती लागली' म्हणालं की सगळ्यांचे चेहरे उतरतात. परीक्षेत गुण कमी पडले तरी कुणीतरी शनीकडे बोट दाखवतं. हा आकडा आला कुठून? शनीची फेरी साडेएकोणतीस वर्षांची आणि राशी बारा. भागिले तर एका राशीत सुमारे अडीच वर्षं. जन्मराशी, तिच्या आधीची आणि नंतरची, अशा तीन राशींची झाली साडेसात वर्षं. बस्स, एवढंच गणित! शनी कुणावर रागावून रेंगाळत नाही. सूर्यापासून तो दूर आहे, ओढ कमी आहे, म्हणून त्याची चाल मंद आहे. अभ्यास मात्र आपला आपल्यालाच करावा लागतो, साडेसाती असो वा नसो!

करून पाहा

तुमचं वय बारा असेल, तर गुरूवर तुम्ही नुकतेच एक वर्षाचे झालात. बुधावर मात्र जवळजवळ पन्नाशीला आलात! आजी-आजोबांचं वय दोन्हीकडे किती होईल?

आणि जाता जाता एक गणित: अंतर ९ वर एखादा ग्रह असता, तर त्याची फेरी किती वर्षांची झाली असती? आई-बाबांनाही घाला हे कोडं. पाहू या कोण आधी सोडवतं ते!